उजवी दांडी

गालाला अर्धा साबण, मान मागं टेकलेली आणि दयाराम न्हाव्याचा वस्तरा नेमका कानाखाली आलेला, अशा नाजूक वेळी काळूराम घरताला आपला बाप दिसला. बाप जाऊन चोवीस वर्षं झाली होती, आणि मेल्यावर अलिबागेच्या बाजारात भर सकाळी हिंडावं असा धर्माजीचा स्वभाव नव्हता. जिवंतपणीसुद्धा कोयता पाजळायचा असल्याशिवाय तो इकडे फिरकत नसे. तेव्हा भूतबीत काही नव्हतं. काळूरामच्या पाठीमागच्या भिंतीवर खारजाईच्या पालखीचं रंगीत चित्र टांगलं होतं, ते समोरच्या आरशात उतरलं होतं, आणि त्या चित्रात पालखीखाली बाप होता. चित्र खुद्द काळूरामनंच काढलेलं, हरिपंत दामल्यांच्या शिळाप्रेसवर त्याच्या डोळ्यांदेखत पाच रंगांत छापलेलं. स्वतःच्या हातचं चित्र बघून कुणी दचकतं का? पण काळूराम दचकला, वस्तरा सरकला, आणि दयाराम म्हणाला, "मास्तर, हलायचं तर आधी सांगत जा. मला बायकापोरं हायत, फाशी जायची हौस न्हाय." आरशात बाप पालखीच्या पुढच्या उजव्या दांडीखाली होता, आणि ते बरोबर दिसत होतं. म्हणजे भिंतीवरच्या कागदावर तो डाव्या दांडीखाली होता. म्हणजे गावी नारंगखारातल्या घरोघरच्या कागदांवर तो डाव्या दांडीखाली होता. दयारामनं कानाखालच्या रक्तावर तुरटी फिरवली, ती झोंबली, आणि त्या झोंबण्यातच काळूरामच्या मनात पहिल्यांदा आलं, की हे आपण केलं, की आपल्याकडून कुणी करवून घेतलं?

शिळाछापावर काम करणाऱ्याला एक शाप असतो, तो त्याच्या पगारात धरलेला नसतो. दगडावर जे उजवीकडे काढाल ते कागदावर डावीकडे उमटतं, म्हणून दगडावर सगळं जग उलटं काढावं लागतं. काळूरामनं तीस वर्षं उलटं काढलं. गणपती उलटे, लक्ष्म्या उलट्या, काडेपेटीवरचे वाघ उलटे, लग्नाच्या पत्रिकांवरचे नारळसुद्धा उलटे, नारळाला उलटं-सुलटं नसतं तरी. होता होता दगडावरचं उलटेपण डोळ्यांत शिरलं. बाजारातल्या पाट्या तो शेवटाकडून जास्त झरझर वाचतो असं लोक म्हणत. एकदा तो रेवदंड्याला जायला निघाला तो मांडव्याला पोचला, आणि समोर मुंबईची होडी सुटताना बघून मगच त्याच्या ध्यानात आलं, असं हरिपंत शपथेवर सांगत. हरिपंतांच्या शपथेला बाजारात फारसा भाव नव्हता ती गोष्ट वेगळी. काळूरामची बायको नीराबाई पान वाढताना मीठ कुठं आणि कोशिंबीर कुठं हे त्याला बोट लावून दाखवायची. हसण्यावारी न्यायच्या गोष्टी. पण डोळ्यांत शिरलेलं उलटेपण आठवणींत शिरलं असेल तर? वयाच्या तेराव्या वर्षी बघितलेला बाप तीस वर्षं डोक्यात ठेवला, तो तिथं कुठल्या कडेला पडून राहिला, आणि बाहेर काढताना कुठल्या कडेनं निघाला, याचा भरवसा कुणी द्यायचा? काळूराम बाजारातून चालत होता, आणि बाप एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून त्याच्या डोक्यातून पालखी नेत होता, आणि दोन्ही वेळा त्याच्या कपाळावर तोच घाम होता.

चित्र कसं निघालं ते त्यानं पुन्हापुन्हा आठवून पाहिलं. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला नारंगखारचे बाळासाहेब खोत शिळाप्रेसात आले होते. नारंगखार म्हणजे काळूरामचं गाव, धरमतरच्या खाडीकाठचं, बांध घालून समुद्राच्या तोंडातून काढलेली भातजमीन. तिथली खारजाईची पालखी तीस वर्षं निघाली नव्हती. काळूराम तेरा वर्षांचा असताना निघाली ती शेवटची. त्याच साली उधाणात बांध फुटला, खारं पाणी शेतांत शिरलं ते सात वर्षं हललं नाही, मग प्लेग आला, आणि पालखी उचलणारे खांदे एकेक करून दुसऱ्यांच्या खांद्यांवरून गेले, बघणारे डोळेही फारसे उरले नाहीत. आता खोतांनी चांदीच्या पत्र्याची नवी पालखी केली होती, चैत्री पुनवेला ती निघायची होती, आणि तिची वर्दी गावाला रंगीत चित्रानं द्यायची होती. पालखी चैत्रात, पण चित्र दिवाळीतच घरोघर. काळूरामला तेव्हाच चमत्कारिक वाटायला हवं होतं, की सोहळा अजून व्हायचाय आणि त्याची तसबीर आधी निघते. पण तेव्हा त्याचं लक्ष खुर्चीकडे होतं. हरिपंतांनी खोतांसाठी आतून खुर्ची आणवली, खोतांनी ती काळूरामकडे सरकवली आणि म्हणाले, "बसा मास्तर. काम तुमचं, आम्ही उभे राहू." तीस वर्षं फळकुटावर बसून दगडावर वाकलेल्या माणसाला खोतानं खुर्ची दिली. "तुम्हाला आठवतं तसं काढा. तुमचे वडील, आमचे वडील, जे जसे होते तसे. मी कुठं तोंड घालायचा नाही." जो तोंड घालत नाही त्याचा हात कुठं आहे ते बघावं, असं धर्माजी म्हणायचा. पण काळूराम तेव्हा खोतांचा हात बघत नव्हता. खुर्चीच्या वेताची वीण मांड्यांना कशी थंड लागते ते बघत होता. तीन आठवडे त्यानं दगडावर चित्र काढलं. पुढची डावी दांडी बापाच्या खांद्यावर गेली, उजवी थोरल्या खोतांच्या, म्हणजे बाळासाहेबांच्या वडिलांच्या. कधी ठरवलं? ते काही केल्या आठवेना. हातानं ठरवलं असणार. पण हात तरी कुणाचा, दगडावर वाकलेल्या घरताचा, की खुर्चीत बसलेल्या मास्तराचा?

हे सगळं आधी सुचलं असतं तर बरं, पण सुचायला न्हाव्याचा आरसा लागला. आणि त्याच दुपारी, जणू आरशातूनच निघून यावा तसा, त्याचा धाकटा भाऊ रघू गावाहून शिळाप्रेसात आला. उंबऱ्याशी पाय झाडून आत आला आणि शाईच्या वासानं नाक मुरडून उभा राहिला.

"दादा, खोत म्हणतो, चित्रात हाय तसं व्हनार. उजवी दांडी त्येंची. आन् चित्र कुनाच्या हातचं, तर घरताच्याच. मी काय बोलू?"

"काय बोललास?"

"म्हटलं, दादा येल आन् सांगल. चतुर्दशीला सकाली पंच बसनार हायत देवलात."

"गावातली माणसं काय म्हणतात?"

"मानसं म्हनतात उजवी घरतांचीच. पन चित्राला कुंकू लावतात तीच मानसं. आपल्या घरीबी ठमानं लावलंय."

"तुला काय आठवतं?"

"मी पालन्यात व्हतो दादा. मना कशाला ईचारतंस? तू बघितलंस, तू काढलंस." रघूनं आवाज उतरवला. "उघाडी जाईल, ठाव हाय ना?"

ठाऊक होतं. उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीला ते लावायचं, पावसाचं पाणी साचलं की काढायचं. पालखीची उजवी दांडी ज्या घराची, उघाडी त्या घराच्या हाती, ही नारंगखारची जुनी रीत. बांध पुन्हा बांधल्यापासून गाव पाळीपाळीनं दार राखत होतं; पालखी निघाली की पाळी संपणार. ज्याच्या हाती उघाडी, त्याच्या हाती सगळ्यांचं भात. खोताशी वाकडं घेतलेल्या कुळाच्या शेतात दार एका भरतीला उशिरा लागलं, एवढंच पुरे. कोर्ट नको, कचेरी नको, मीठ आपलं काम करतं. आणि बांधाला अगदी लागून जे शेत होतं ते रघूचं.

रघू गेल्यावर काळूराम मागच्या खोलीत दगड शोधायला गेला. दगडावर खरं काय ते दिसेल असं त्याला का वाटलं कोण जाणे. दगडावरही त्याच्याच हातचं होतं. दगड मिळाला. त्यावर केसांच्या तेलाचं लेबल होतं, एक बाई मोकळे केस घेऊन आरामात बसली होती. "दगड कुणी घासला?" त्यानं हरिपंतांना विचारलं, आणि आवाज थोडा चढाच लागला. हरिपंत चष्म्यावरून बघत म्हणाले, "तू घासलास. दिवाळी झाल्यावर वाळू घालून तू घासलास, त्यावर ही बाईही तूच काढलीस. आता कुणावर संशय घेतोस, त्या बाईवर?" खरं होतं. तरीही हरिपंतांनी तेलाचं काम नेमकं त्याच दगडावर का दिलं हे काळूरामनं मनात टिपून ठेवलं. मग देवीचा मुखवटा आठवला. कागदावर तिची नथ डाव्या नाकपुडीत, जिथं असायची तिथंच होती. चित्र उलटं छापलं असतं तर नथही उलटी गेली असती. म्हणजे चूक नाही, म्हणजे बाप खरोखर डावीकडेच. क्षणभर बरं वाटलं. पण देव्या तो रोज काढत होता, त्यांच्या नथा दगडावर उलट्या काढायला हाताला सांगावं लागत नव्हतं. पालखी वाहणारी माणसं त्यानं जन्मात पहिल्यांदाच काढली होती. देवी बरोबर उमटली म्हणून माणसंही बरोबर उमटली, असं कुठं आहे? मग नथही साक्षीतून गेली. पुढचे आठ दिवस तो घरी कमी बोलला आणि नीराबाईनं दाखवल्याशिवाय मिठाला हात लावला नाही.

त्रयोदशीला तो गावी पोचला तेव्हा पडवीत ठमाबाई, रघूची बायको, सुपात भात पाखडत होती. ती उठली नाही. "या भाऊजी. सगल्या जगाचे देव सरल काढलंव, घरचा सासरा तेवढा डावा काढलाव. हात दुखला काय त्या टायमाला?" तिच्या मागं भिंतीवर चित्र होतं, कुंकवाच्या बोटांनी देवीचा चेहरा लाल झालेला, आणि कुंकवाचा एक ओघळ थोरल्या खोतांच्या पागोट्यावर आलेला. काळूराम तिच्या बाजूनं मागच्या दारी गेला. आई, काशी, सत्तरीतली, परसात बसून भिजवलेले वाल सोलत होती. बोटं डोळ्यांवर अवलंबून नव्हती. वाल टचकन सालातून निघून परातीत पडत होता. काळूराम शेजारी बसला, त्यानंही मूठभर वाल घेतले.

"आये, बाबाची दांडी कंची?"

तिला आठवावं लागलं नाही. "कवाची ईचारतंस?" ती म्हणाली. "दर सालची, का तू छापखान्यात गेलास त्या सालची?"

काळूरामच्या बोटांत वाल तसाच राहिला. आई सांगत गेली, वाल सोलत, जणू दुसऱ्या कुणाच्या घरचं. "तुजा शालेतला मास्तर म्हनला, पोराचा हात चांगला हाय, छापखान्यात घाला. छापखान्यावाला म्हनला, वलखीची चिठ्ठी पायजे. चिठ्ठी कोन देनार, तर खोत. थोरला खोत म्हनला, धर्मा, चिठ्ठी देतो, पन यंदा पालखीला मी उजवीकडं. यंदाच्यापुरतं. तुजा बाप तीन दिस जेवला न्हाय, चवथ्या दिशी म्हनला, बरं. यंदाच्यापुरतं. तू गेलास आन् महिन्यात बांध फुटला. पुडचं साल आलंच न्हाय."

"रघूला ठाव हाय?"

"कशाला? त्याला सांगून त्याचा भाऊ कमी करू?"

"पंचांना सांगशील?"

"बाईला कोन ईचारतो? आन् सांगू काय, माज्या दादल्यानं आईची दांडी कागुदाला दिली?" तिनं परात हलवून वाल सारखे केले. "बांध कशानं फुटला ते मना ठाव हाय. तुला आता झालं."

म्हणजे दोन्ही बाप खरे होते. बारा वर्षं उजवीकडचा आणि एक वर्ष डावीकडचा, आणि शेवटचा तो ठसठशीत. हात चुकला नव्हता. खोताच्या खुर्चीनं हाताला काही केलं नव्हतं, हरिपंतांनी काही केलं नव्हतं, दगडानंही नाही. चित्र जसं घडलं तसंच उमटलं होतं. पाच-सहा वाल सोलून होईपर्यंत काळूरामला हलकं वाटलं, इतकं हलकं की त्याला लाज वाटली. मग ते ओझं दुसऱ्या बाजूनं आलं. त्यानं आयुष्यात काढलेली प्रत्येक लक्ष्मी, प्रत्येक काडेपेटीचा वाघ, त्या एका दांडीवर काढलेला होता. आणि बाळासाहेबांना हे ठाऊक होतं. म्हणून तर ते म्हणाले, आठवतं तसं काढा. खोटं काढायला सांगितलं असतं तर काळूराम कदाचित बिचकला असता. त्यांनी खरं काढून घेतलं, त्यातलं 'यंदाच्यापुरतं' तेवढं कागदावर उमटत नाही हे पक्कं माहीत असून.

चतुर्दशीला देवळाच्या ओट्यावर पंच बसले. मधे येसाजी पाटील, कानानं थोडे कमी, म्हणून सगळ्यांचं दोनदा ऐकून घेणारे. बाळासाहेब खोत खांबाशी, आणि त्यांच्या शेजारी, त्यांच्याच बोलावण्यावरून आलेले हरिपंत दामले, चित्र छापणारे म्हणून. चित्र चौरंगावर मांडलं होतं, फुलं वाहून. खाली रघू आणि सगळा गाव. येसाजी पाटील म्हणाले, "काळू, तू बघितलेला, तू काढलेला. सांग. चित्रात हाय ते बरोबर का न्हाय?"

काळूराम उभा राहिला. खोतांकडे बघितलं. खोतांच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. खरं बोलणाऱ्या माणसाला काय काळजी. "चित्र चुकलं," काळूराम म्हणाला.

"काय?" येसाजींनी कान पुढं केला.

"चुकलं. दगडावर मानसं उलटी काढायची ती सुलटी काढली. म्हनून कागदावर उलटी आली. घरतांची दांडी उजवी."

हरिपंत उठून उभेच राहिले. "काळूराम, अरे शिकाऊ पोरगंसुद्धा पहिल्या महिन्यानंतर ही चूक करत नाही. तीस वर्षांत तुझ्या हातून..."

"व्हय," काळूराम म्हणाला. "झाली."

खोत शांतपणे म्हणाले, "एक मिनिट, मास्तर. चित्र उलटं उमटलं तर आईची नथ डावीकडेच कशी? तीही उजवीकडे जायला हवी होती." गावात कुजबुज झाली, दोन-चार बाया चित्राकडे वाकून बघायला लागल्या. ठरवून आला असता तरी काळूरामला उत्तर एवढं सोपं गेलं नसतं. हा सवाल त्यानं स्वतःला आठ दिवसांपूर्वीच घातला होता. "आई मी रोज काढतो, बाळासाहेब. तिची नथ हाताला सांगाय लागत न्हाय. मानसं पहिल्यांदाच काढली. देवाच्या बाबतीत हात चुकत न्हाय. मानसांच्या बाबतीत चुकतो."

येसाजी पाटलांनी दुसऱ्यांदा ऐकून घेतलं आणि मान डोलावली. काळूराम खोतांकडे बघत राहिला, खोत काळूरामकडे. दोघांनाही चिठ्ठी ठाऊक होती, आणि एकाला ठाऊक आहे हे दुसऱ्याला त्याच क्षणी कळलं. खोतांना एवढंच म्हणायचं होतं, की उजवी दांडी माझ्या वडिलांनी धरली होती, शेवटच्या साली, सगळ्यांच्या देखत. पण कशाच्या बदल्यात धरली, हे येसाजींनी दोनदा विचारलं असतं. देवीचा मान चिठ्ठीला घेतला हे बोलायला खोतांची जीभ उचलेना. त्यांनी उपरण्याची घडी या खांद्यावरून त्या खांद्यावर टाकली आणि म्हणाले, "कारागीर म्हणतो चुकलो, तर चुकला असेल. आमचं काय जातं." येसाजींनी निकाल दिला. गर्दी उठताना हरिपंत त्याच्याजवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "सोमवारपासून दगड घासायला बस. चित्रं दुसरा काढील. माझंही नाव आहे बाजारात." काळूरामनं मान हलवली. उद्या दयाराम न्हाव्यापर्यंत ही गोष्ट जाईल, परवा रेवदंड्यापर्यंत, मांडव्याला सगळ्यात आधी. ठमाबाईनं त्याला पाणी दिलं, आणि गडवा परत घेताना म्हणाली, "भाऊजी, हात खरंच दुखला व्हता वाटतं."

पुनवेला सकाळी ढोल वाजले, मुखवटा पालखीत बसला, आणि रघू उजव्या दांडीशी गेला. तिथं तो थांबला, वळला आणि भर गावात म्हणाला, "दादा, तू धर. मान थोरल्याचा." काळूरामनं हे गृहीतच धरलं नव्हतं. त्यानं मान रघूसाठी मिळवला होता. खोटं आपण बोलायचं आणि दांडी भावानं धरायची, असा त्यानं मनातल्या मनात वाटा केला होता. आता नाही म्हणायला कारण नव्हतं, जे होतं ते बोलायचं नव्हतं. तो पुढं झाला. डाव्या दांडीला बाळासाहेब, पागोटं नीट बांधून, समोर बघत. मागं दोघे पाटलांचे. येसाजी पाटील खणखणीत आवाजात म्हणाले, जे दर पालखीला म्हणायची रीत होती: पुढच्यांनी बांधावर पोचेपर्यंत मागं बघायचं नाही, आणि खांदा खोटा असला तर आई जड होते, मग लाजायचं नाही, तिथंच ठेवायची. गाव हसला, कारण गाव दर वेळी इथं हसायचा, म्हणे. आईच्या जड होण्याच्या गोष्टी काळूरामनं लहानपणी ऐकल्या होत्या; एका सालात म्हणे आठ गडी लागले आणि तरी पालखी बोटभर हलली नाही, एकानं कबुली दिल्यावर फुलासारखी उचलली. त्यानं गुडघे वाकवले, खांदा दांडीखाली घातला, दात आवळले, आणि जन्मभराचं ओझं येणार म्हणून श्वास छातीत भरून ठेवला. "उचला," येसाजी म्हणाले.

पालखी उचलली गेली. चांदीचा पत्रा, लाकूड, मुखवटा, फुलं, आणि तरी दांडी त्याच्या खांद्याला नुसती लागली, रिकाम्या सुपासारखी. जड नव्हती. काळूराम पाऊल टाकू लागला, शेजारी खोत पाऊल टाकू लागले, आणि त्यांच्याही तोंडावर तो तेच बघत होता, की दांडीला वजन नाही. देवी प्रसन्न झाली असेल. बापाचं राहिलेलं साल तिनं आज भरून घेतलं असेल. असंही असेल. पण तीस वर्षांत काळूरामनं कुठलीही गोष्ट सरळ दिसली म्हणून सरळ मानली नव्हती. त्याला वाटायला लागलं, की ती आतमध्ये नाहीच. उचलताना कधीतरी उतरली, आणि पालखीच्या मागून, बायकांच्या घोळक्यात, अनवाणी चालत येतेय, कोण वळून बघतो ते बघत. ढोलांच्या मधेमधे त्याला मागून पावलं ऐकू येत होती. ती शंभर माणसांची होती, शंभरातलं एक कुणाचं हे कसं ओळखायचं? बांध अजून दूर होता, आणि मागं बघायचं नव्हतं.